दोन मिलिमीटरचा फरक

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन पेपर चाळत बसलो होतो. थोरला मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. "अप्पा, हे बघा की," म्हणत त्यानं फोटो पुढं केला. चार चाकं एकावर एक रचून ठेवलेली, चकचकीत, पाच-पाच पात्यांची. आमच्या काळात यांना मॅगव्हील म्हणायचे, आता सगळे अलॉय म्हणतात.

"टायरसकट चौदा हजार. नवीन घ्यायला गेलो तर टायर सोडूनही एवढ्यात भागत नाही."

त्याची गाडी २०१३ सालची स्विफ्ट, तीही जुनीच घेतलेली. तो गोव्याला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. सून इथं बेळगावात शाळेत शिकवते, नात बालवाडीत जाते. शनिवारी रात्री हा चोर्ला घाट चढून घरी येतो आणि सोमवारी पहाटे परत घाट उतरतो. सुट्टी लागली की तिघंही त्याच वाटेनं जातात. पावसाळ्यात त्या रस्त्याची काय दशा होते ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. अशाच एका खड्ड्यात लोखंडी रिमवरचं प्लास्टिकचं झाकण उडून दरीत गेलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात अलॉयचं खूळ शिरलं होतं.

"माप काय?" मी विचारलं.

"चौदा इंच. माझीपण चौदाच आहेत."

"ते टायरचं माप. नटाच्या भोकांचं काय?"

"चार भोकं आहेत, अप्पा. माझ्या गाडीलापण चारच. दुकानवाला म्हणाला बसतात. दोन हजार ॲडव्हान्स देऊन आलोय."

मी उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. कास्टिंग यायचं, आम्ही मापायचो, पास नाहीतर रिजेक्ट. "बसतं" हा शब्द आमच्या खात्यात कुणी उच्चारला तर साहेब त्याला तिथंच विचारायचे, "किती मिलिमीटरनं बसतं?" कपाटाच्या वरच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला माझा जुना व्हर्निअर मी काढला. थोरल्यानं तोंड वाकडं केलं. सून म्हणाली, "मावा, नावू बर्तीवी." तिला पुढं बाजारात जायचं होतं. म्हणून आम्ही सगळेच निघालो.

दुकान हायवेलगत होतं, जुन्या गाड्यांच्या मालाचं. दारातच बंपर, दिवे, सीटा यांचा ढीग. दुकानवाला बोलायला चांगला होता. आम्हाला बघून कन्नडमध्ये म्हणाला, "काका, नाल्कु होल, नाल्कु बोल्ट. एल्ला गाडीगू बर्तैति." चार भोकं, चार बोल्ट, सगळ्या गाड्यांना येतं. मी म्हटलं, "नोडोण." बघू या.

इथं जरा समजावून सांगतो, कारण गाडी घेणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रसंग कधी ना कधी येतो. चाकावरची नटाची भोकं एका गोलावर मारलेली असतात. त्या गोलाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. भोकं किती आणि गोल केवढा, ही दोन्ही मापं मिळून चाकाचं खरं माप होतं. स्विफ्टला चार भोकं आणि १०० मिलिमीटरचा गोल. चार भोकांच्या चाकाला हे मोजणं सोपं. चाक पालथं घालायचं, एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजायचं. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आपोआप मिळतं. पाच भोकांना अगदी समोर भोक नसतं. तिथं शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि त्याला १.७०१ नं गुणायचं.

मी व्हर्निअर लावला. ९८. दुसऱ्या तिरक्या जोडीला लावला. ९८. उरलेली तिन्ही चाकं पालथी करून मोजली. सगळीकडे तेच.

"दोनच मिलिमीटर की काका," दुकानवाला हसला. "हाताखालच्या पोराला सांगतो, लावूनच दाखवतो."

पोरानं गाडीचं एक चाक जॅकवर उचललं, लोखंडी रिम काढली आणि अलॉय चढवलं. चढलं! चारही स्टड भोकांतून बाहेर आले. थोरला माझ्याकडे बघून हसला. पहिला नट हातानं फिरला, दुसरा फिरला, तिसरा तीन आटे जाऊन अडला. पोरानं लांब पाना घेतला आणि त्यावर पाय ठेवायला लागला. मी म्हटलं, "थांब बाळ. जोर लावू नकोस."

९८ हे माप फियाटचं. पालिओ, पुण्टो या गाड्यांच्या चाकांना चार भोकं आणि ९८ चा गोल असतो. डोळ्यांना १०० पेक्षा काही वेगळं दिसत नाही, आणि नुसत्या टेपनं मोजलं तर चुकायला वाव आहेच. व्यासात दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक स्टड भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर बाहेर. नटाचं टोक निमुळतं असतं आणि चाकातली त्याची बैठकही तशीच उतरती. दोन्ही एकमेकांत पूर्ण टेकले तरच पकड येते. इथं नट एकाच बाजूनं टेकणार. पान्यानं ओढला तर स्टड वाकून नट बसल्यासारखा वाटेल, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो स्टड थोडाथोडा वाकत राहील. मग एकतर नट सैल होतील, नाहीतर स्टड तुटेल.

मधल्या भोकाचीही तीच गत. स्विफ्टच्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, या चाकाचं मधलं भोक ५८.१. म्हणजे चाक मध्यावर धरायला तिथं काहीच नाही. मधलं भोक मोठं असेल तर मधे बसवायची रिंग मिळते, ती योग्य मापाची घातली की ती उणीव भरून निघते. भोक लहान असेल तर चाक चढणारच नाही. पण पीसीडी चुकली तर त्याला रिंगचा उपाय नाही.

मी हे सगळं दुकानात एवढं सविस्तर बोललो नाही. "हे फियाटचं चाक आहे, याला होणार नाही" एवढंच म्हटलं. दुकानवाल्याला मात्र कुतूहल. त्यानं माझ्याकडून व्हर्निअर मागून घेतला, स्वतः मोजलं, लोखंडी रिमही मोजली. मग खडू घेऊन चारही चाकांवर मोठ्या आकड्यांत ९८ लिहून ठेवलं. त्यालाही खरंच माहीत नव्हतं. दोन हजारांतले पंधराशे त्यानं परत दिले, पाचशे पोराची मजुरी म्हणून ठेवून घेतले. थोरल्याला ते पाचशे फार लागले.

"चढलं होतं की चाक," तो गाडीत बसताना म्हणाला.

मागच्या सीटवरून सून म्हणाली, "कूडूदु बेरे, होंदूदु बेरे." बसणं वेगळं, जुळणं वेगळं. तिचं माहेर धारवाडचं. कन्नडमध्ये होंदाणिके हा एक फार कामाचा शब्द आहे. पत्रिका जुळण्याला तोच आणि माणसांनी एकमेकांशी जमवून घेण्यालाही तोच. आमच्या घरात लग्नानंतर पहिलं वर्षभर तो शब्द रोज कानावर पडायचा. थोरला काही बोलला नाही. घरी येईपर्यंत कुणीच बोललं नाही.

त्याचा राग मला कळत होता. बापानं चारचौघांत व्हर्निअर काढून आपल्याला लहान केलं असं त्याला वाटलं. पण मी एवढा हट्टाला का पेटलो, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नाही, असं मी एकोणीस वर्षं समजत होतो.

रात्री जेवताना मी विषय काढला. "तुला २००६ चं कोल्हापूरचं लग्न आठवतं?"

"मावशीच्या दिराचं? थोडं आठवतं. मी झोपलो होतो गाडीत."

"होय. मागच्या सीटवर तू आणि धाकटी, दोघंही झोपला होता."

तेव्हा आमच्याकडे जुनी गाडी होती आणि मलाही अलॉयचंच खूळ होतं. लग्नाला मिरवायचं म्हणून आदल्या संध्याकाळी वापरलेली चार चाकं बसवून घेतली. भोकं जुळत होती, पीसीडी बरोबर होती, तेवढं मी बघितलं होतं. नट मात्र जुन्या लोखंडी रिमचेच लावले. लोखंडी रिमचा पत्रा पातळ असतो, अलॉयची बैठक जाड. त्यामुळं स्टडचा फार थोडा भाग नटात गेला, जेमतेम चार-पाच आटे. स्टडची जेवढी जाडी तेवढी तरी लांबी आट्यांनी धरली पाहिजे, हा आमच्या शॉपमधला अगदी साधा नियम. १२ मिलिमीटरचा स्टड असेल तर १२ मिलिमीटर, म्हणजे सव्वाच्या पिचला नऊ-दहा फेरे. दुसऱ्यांच्या मालावर हा नियम लावून मी पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या होत्या. स्वतःच्या गाडीचे फेरे मोजले नाहीत.

संकेश्वरच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग डाव्या बाजूनं टक-टक आवाज. रस्ता नवा, रुंद, गाडी ऐंशी-नव्वदला. हळूहळू बाजूला घेतली, उतरून बघितलं. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट गायब, दोन बोटांनी फिरत होते आणि एकच कसाबसा धरून होता. नुसत्या स्टडवर चाक टांगलेलं नसतं. नटांनी ते हबवर घट्ट दाबून धरलेलं असतं म्हणून राहतं. तो दाब गेला की चाक कधी निघेल याचा भरवसा नाही. माझे हात थरथरत होते. हिला सांगितलं, "काही नाही, हवा कमी झाल्यासारखी वाटते." डिकीतला पाना काढून तिन्ही नट आवळले आणि तीसच्या वेगानं निपाणीपर्यंत गेलो. तिथं गॅरेजात लांब नट मिळाले. लग्नात मी जेवलो की नाही तेही आठवत नाही.

"एवढं होऊन तुम्ही कधी बोलला नाही?" थोरल्यानं विचारलं.

"लाज वाटली. तपासणी खात्यातला माणूस मी."

ही भाकरी वाढत होती. वर न बघता म्हणाली, "मला ठाऊक होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"हवा कमी झाली तर हवा भरतात. तुम्ही पान्यानं नट आवळत होता. मी काच खाली करून बघत होते." मग थांबून म्हणाली, "तुमचं तोंड बघून विचारावंसं वाटलं नाही."

त्यानंतर थोरला व्हर्निअर स्वतःच मागून घेऊ लागला. तीन आठवडे आम्ही दोघं मिळून चाकं शोधत होतो. या काळात काय काय बघायचं याची त्यानं मोबाईलवर यादी केली. ती इथं देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पीसीडी आणि मधलं भोक झाल्यावर तिसरं माप चाकाच्या पाठीमागं ठोकलेलं असतं, ते म्हणजे रुंदी आणि ईटी. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ईटी, मिलिमीटरमध्ये. तो आकडा मूळ चाकाइतकाच किंवा त्याच्या अगदी जवळ हवा. ४५ च्या जागी ३५ लावलं तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं, मडगार्डला घासतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. आकडा जास्त झाला तर चाक आत सरकून शॉकॲब्सॉर्बरला लागतं. म्हणून चाक लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं आणि मागं तीन माणसं बसवून खड्ड्यातून गाडी नेऊन आवाज ऐकायचा.

चौथी गोष्ट नट. आट्याचं पिच गाडीप्रमाणं. मारुतीला १२ च्या स्टडवर १.२५ चं, होंडा-ह्युंदाईला १.५ चं. दिसायला सारखेच, पण एकाचा नट दुसऱ्यावर जोरानं चढवला तर आटे मरतात. नटाचं टोकही चाकातल्या बैठकीसारखंच हवं. बैठक निमुळती असेल तर निमुळता आणि वाटीसारखी गोल असेल तर गोल. चाकाबरोबर त्याचेच नट मिळाले तर उत्तम.

पाचवं, तडे आणि वाक. ॲल्युमिनियमचं ओतीव चाक मोठ्या फटक्यानं लोखंडासारखं नुसतं दुमडत नाही, त्याला तडा जातो. आतली कड, पात्यांची मुळं आणि नटाची भोकं माती धुऊन, उजेडात बघायची. भोकं लांबट झालेली दिसली तर ते चाक पूर्वी कुठंतरी सैल चाललेलं आहे असं समजावं. नुसता आतल्या बाजूला ताजा रंग असेल तर संशय घ्यावा. शंका आली तर आमच्या शॉपमध्ये वापरतात तसलं लाल पेनेट्रंट मिळतं. ते लावून पुसायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. शेवटी बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घ्यायचं, वाकलेली कड तिथं लपत नाही.

सहावं, टायर. कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २२२१ असेल तर २०२१ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. टायरची एकूण उंचीही मूळच्या जवळ हवी, नाहीतर मीटर चुकीचा वेग दाखवतो आणि गाडीची चालही बदलते. टायर पेलणारा भारही मूळच्या टायरपेक्षा कमी असता कामा नये.

या यादीनं पुढच्याच खेपेला काम केलं. खानापूर रोडला एक संच मिळाला. सगळी मापं जुळत होती, भावही बरा होता. मी म्हटलं, घे. थोरला मात्र टॉर्च लावून एकेका चाकाच्या आत बघत बसला. तिसऱ्या चाकाच्या आतल्या कडेला, नव्या रंगाखाली त्याला वेल्डिंगची जाड शिवण दिसली. "अप्पा, रिजेक्ट," तो म्हणाला. मला ती दिसली नव्हती. डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत.

शेवटी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारातल्या गाडीची, कंपनीतूनच आलेली १५ इंची चाकं मिळाली, टायर १८५/६५ आर १५. आम्ही कागदावर हिशेब केला. आमचं जुनं १६५/८० आर १४ चाक टायरसकट ६१९.६ मिलिमीटर उंच, हे ६२१.५. फरक दोन मिलिमीटरच्याही आतला, आणि हा चालण्यासारखा. नटही त्याच गाडीचे मिळाले. पैसे पहिल्यापेक्षा तीन हजार जास्त गेले.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला. नट हातानं फिरवले. पहिल्या नटाचे फेरे सून मोठ्यानं मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु... आणि नात तिच्या मागून. हत्तु झाल्यावर दोघी थांबल्या. मग समोरासमोरचे नट घेत, मॅन्युअलात दिलेल्या टॉर्कवर आवळले. मी एकच बजावलं, की नवं चाक लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरच्या आत नट परत तपासायचे. निपाणीच्या रस्त्यावर मी तेच केलं नव्हतं.

सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून तिघंही पहाटे निघाले. मी अंथरुणातच होतो, पण डोळा लागला नव्हता. सव्वासातला फोन वाजला.

"अप्पा, कणकुंबीला थांबलोय. घाटाच्या आधी. सोळाही नट बघितले."

"मग?"

"मागच्या उजव्या चाकाचा एक थोडा फिरला. पाव फेरा. बाकी सगळे घट्ट."

मागून नातीचा आवाज आला, "अज्जा, मी मोजले!"

मी फोन ठेवला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?"

"एक नट पाव फेरा सैल होता. आवळला."

"बरं झालं सांगितलात," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.